एक दिवा, एक पडदा आणि काशाची वाद्यं: जावाचा वायांग परदेशात कसा उभा राहतो

लाकडी पेटीवर दोन-तीन ठोके पडतात आणि मागे बसलेली पंधरा-वीस माणसं एकदम वाजवायला लागतात. कुणी हात वर केलेला नसतो, कुणी मात्रा मोजून दिलेल्या नसतात. ठोके मारणारा माणूस वादकांकडे पाठ करून बसलेला असतो. त्याच्या दोन्ही हातांत बाहुल्या असतात, तोंडाने तो एका राजाचं भाषण संपवत असतो आणि ठोके मारत असतो पायाने. हा दालांग. कथा सांगणारा, सगळ्या पात्रांचे आवाज काढणारा, बाहुल्या नाचवणारा आणि संगीत चालवणारा, असा एकच माणूस.

इंडोनेशियातल्या जावा बेटावरचा वायांग कुलित म्हणजे चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ, आणि गामेलान म्हणजे त्याच्या साथीचा वाद्यसंच. युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत वायांग 2008 साली आणि गामेलान 2021 साली गेला. दोन्ही आज युरोप, अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलियात नियमित सादर होतात. परदेशी प्रयोगात काय बदललं तरी चालतं आणि काय बदललं की खेळ मोडतो, हे समजायचं असेल तर आधी वस्तू नीट पाहायला हव्यात.

काशाची वाटी आणि गोंग

तळपाय घासायची आपली काशाची वाटी आठवा. गामेलानचा धातू जवळपास तोच आहे: तांबं दहा भाग, कथील तीन भाग. कथिलाचं प्रमाण इतकं जास्त असल्यामुळे नाद लांब आणि स्वच्छ येतो, पण त्याच कारणाने धातू ठिसूळ होतो. तो लालभडक तापलेला असतानाच ठोकून घडवावा लागतो. गार झाल्यावर घाव घातला तर तडा जातो. मध्य जावात सोलो शहराजवळच्या विरुन गावात आजही गोंग, म्हणजे मधोमध उंचवटा असलेल्या काशाच्या मोठ्या थाळ्या, असे भट्टीवर, तीन-चार जणांनी आळीपाळीने घण मारून घडवले जातात.

प्रवासात नेमका हा ठिसूळपणा नडतो. वाद्यांच्या काशाच्या पट्ट्या चौकटीवर तशाच ठेवून संच ट्रकमध्ये चढवला की त्या एकमेकींवर आपटतात. म्हणून प्रत्येक पट्टी काढायची, मागे खडूने क्रमांक घालायचा, कापडात वेगळी गुंडाळायची. मोठा गोंग उभा ठेवायचा आणि त्याच्या मधल्या उंचवट्यावर कशाचाही भार येऊ द्यायचा नाही. केसाएवढा तडा गेला तरी नाद आखडतो, भांडं फुटल्यासारखा वाजतो, आणि तडा गेलेला गोंग बहुधा वितळवूनच पुन्हा घडवावा लागतो.

पूर्ण संच म्हणजे खरं तर दोन संच असतात. एक स्लेंद्रो स्वरमालेतला, सप्तकात पाच स्वर. दुसरा पेलोगमधला, सप्तकात सात स्वर. दोन्हींमधला एखादा स्वर एकच असतो, बाकीचे जुळत नाहीत. म्हणून वादक दोन वाद्यांच्या कोनात बसतो आणि राग बदलावा तसं अंग वळवून दुसऱ्या वाद्याकडे जातो. स्लेंद्रोचे स्वर अंकांनी 1, 2, 3, 5, 6 असे लिहितात. चार नसतो, हे नवशिक्याला पहिल्या दिवशी चकवतं.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की दोन गामेलान एकसारखे लावलेले नसतात. सुराची पट्टी ठरलेली नाही, स्वरांमधली अंतरंही नेमकी ठरलेली नाहीत. प्रत्येक संचाचा स्वभाव वेगळा आणि तो जपला जातो. हार्मोनियमची काळी चार जशी पुण्यात आणि नागपुरात एकच, तसं इथे काही नाही. त्यामुळे एका संचातला सारोन (चौकटीवर मांडलेल्या काशाच्या पट्ट्यांचं वाद्य) उचलून दुसऱ्यात बसवता येत नाही. पाश्चात्त्य वाद्यवृंदाबरोबर कार्यक्रम ठेवला की आयोजक हमखास विचारतात, गामेलान थोडा आमच्या सुरात लावून घेता येईल का? काशाच्या पट्टीची टोकं कानशीने घासली तर स्वर चढतो, मधून घासली तर उतरतो, म्हणजे लावता येईल. पण घासलेला धातू परत येत नाही. याचं उत्तर 'नाही' एवढंच असायला हवं.

परदेशी प्रयोगांची व्यवस्था यामुळे ठरते. अख्खा संच विमानाने नेणं फार महाग, म्हणून आता बहुतेक वेळा दालांग आणि दोन-चार मुरलेले वादक जातात आणि त्या शहरात आधीपासून असलेला संच वापरतात. असे संच बरेच आहेत. व्हँकूव्हरच्या 1986 च्या जागतिक प्रदर्शनासाठी आलेला गामेलान नंतर इंडोनेशियाने तिथल्या सायमन फ्रेझर विद्यापीठाला भेट दिला. अशा पाहुण्या वादकांनी रेबाब (दोन तारांचं, गजाने वाजवायचं वाद्य) सोबत नेलं तर हरकत नाही, त्याच्या तारा तिथल्या संचाच्या 6 आणि 2 या स्वरांना जुळवून घेता येतात. सुलिंग नावाची बांबूची बासरी मात्र नेऊन उपयोग नाही. तिची भोकं तिच्या घरच्या संचासाठी पाडलेली असतात, परक्या संचात ती सतत बेसूर वाजते. गायिकेलाही नव्या संचाचे स्वर कानात बसायला एखादी तालीम लागते. उतरल्या दिवशी प्रयोग ठेवणं चुकीचं आहे ते यासाठी.

सम शेवटी येते

आपल्याकडे ताल ऐकणाऱ्याला गामेलान पटकन ओळखीचा वाटतो, कारण इथेही आवर्तन आहे. मोठा गोंग वाजला की आवर्तन पूर्ण. पण सवयीने आपण गोंगला 'एक' मोजतो आणि तिथेच फसतो. जावात गोंग ही शेवटची मात्रा आहे. लाद्रांग नावाचा साचा घ्या. 32 मात्रांचं आवर्तन, चार-चारचे गट. प्रत्येक गटाचं वजन चौथ्या मात्रेवर. केनोंग हे भांड्यासारखं वाद्य 8, 16, 24 आणि 32 वर वाजतं. टांगलेला लहान गोंग, केंपुल, 12, 20 आणि 28 वर. नियमाने 4 वरही वाजायला हवा होता, पण तिथे मुद्दाम गाळलेला असतो: मोठ्या गोंगचा नाद अजून हवेत असतो, त्याला जागा सोडलेली असते. ही गाळलेली मात्रा नवशिका हटकून वाजवतो.

मधल्या सप्तकातले सारोन मूळ धून वाजवतात, तिला बालुंगान म्हणतात, म्हणजे सांगाडा. सारोन वाजवणं दिसायला सोपं: उजव्या हातातल्या हातोडीने पट्टीवर ठोका. अवघड काम डाव्या हाताचं आहे. पुढचा स्वर वाजवताना, त्याच क्षणी, मागच्या पट्टीला चिमटीत धरून तिचा नाद थांबवायचा. लवकर धरला तर धून तुटक होते, उशिरा धरला तर दोन स्वर एकमेकांत मिसळून गढूळ होतात. सारोन-वादकांपैकी दोघांनी जरी आळस केला तरी सगळा संच चिखलात वाजतोय असं वाटतं. गेंदेर या पातळ पट्ट्यांच्या, मंद आवाजाच्या वाद्याला तर दोन्ही हातांत काठ्या असतात, म्हणून मागचा स्वर तळहाताच्या कडेने किंवा मनगटाने दाबावा लागतो. हे वाद्य वर्षानुवर्षं शिकतात.

मग येतो इरामा. ही लयीची कल्पना आपल्या विलंबित-द्रुतच्या जवळची, तरी वेगळी. केंदांग, म्हणजे ढोलकीच्या जातीचं वाद्य, वाजवणारा लय हळूहळू ओढून सावकाश करतो आणि बालुंगानचे स्वर एकमेकांपासून दूर जातात. दूर गेलेल्या दोन स्वरांमधली जागा बारीक वाद्यं भरून काढतात. पेकिंग हा सर्वांत लहान सारोन आधी एका स्वराला दोन ठोके देत असेल तर आता चार देतो, अजून ओढलं तर आठ. परिणाम असा की धून निम्म्या वेगाने चाललेली असते, पण पेकिंगच्या हाताचा वेग साधारण तोच राहतो. पेकिंगवाला लयीबरोबर स्वतःही मंदावला आणि दुप्पट व्हायचं विसरला की खालचा आधारच निघून जातो. परदेशी हौशी मंडळांमध्ये गाडी सगळ्यात जास्त वेळा इथेच रुळावरून घसरते. कारणही ठरलेलं असतं: डोळे अंक लिहिलेल्या कागदावर आणि कान केंदांगवर नाहीत. लयीचा बदल कागदावर कुठे लिहिलेला नसतो.

म्हणूनच अमेरिकन संगीत-अभ्यासक मँटल हूड यांनी 1950 च्या दशकाच्या अखेरीस लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात गामेलान शिकवायला घेतला तेव्हा त्यांचा आग्रह होता की परकं संगीत अभ्यासायचं तर ते हाताने वाजवलंच पाहिजे. तोपर्यंत पश्चिमेने गामेलान बघितला होता तो मुख्यतः प्रदर्शनातली नवलाई म्हणून. 1889 च्या पॅरिस प्रदर्शनात फ्रेंच संगीतकार डेब्युसीने तो ऐकला आणि भारावून गेला, ही गोष्ट नेहमी सांगतात. पण तिथे वादक पश्चिम जावातल्या एका चहाच्या मळ्यावरचे होते आणि नर्तकी मध्य जावातल्या सोलोच्या मांकुनगारान दरबारातल्या. दोन वेगळ्या परंपरा एका मांडवाखाली ढकललेल्या. तरीही त्या संगीताने एवढा परिणाम केला, याचं अप्रूप वाटतं.

दिवा

बाहुल्या म्हशीच्या चामड्याच्या. चामडं घासून, वाळवून, त्यावर छिन्न्यांनी जाळी कोरतात, मग दोन्ही बाजूंनी रंग आणि सोनेरी वर्ख. कण्याचा दांडा म्हशीच्या शिंगाचा, हातांना वेगळ्या काड्या. रंग जाड असल्यामुळे चामड्यातून उजेड आरपार जात नाही. सावली काळी पडते आणि उजेड येतो तो फक्त कोरलेल्या जाळीतून. म्हणजे पडद्यामागून बघणाऱ्याला दिसणारं सगळं सौंदर्य दोन-तीन मिलिमीटरच्या भोकांवर अवलंबून आहे.

इथे दिव्याचं गणित येतं. दिवा पडद्यापासून 60 सेंटिमीटरवर आणि बाहुली पडद्यापासून 10 सेंटिमीटरवर धरली आहे असं समजा. ज्योत 1 सेंटिमीटर रुंद असेल तर सावलीची कड फक्त 2 मिलिमीटर पुसट होते, जाळी दिसत राहते. त्याच जागी 30 सेंटिमीटर रुंदीचा एलईडीचा चौकोनी दिवा लावला तर कड 6 सेंटिमीटर पुसट होते. जाळी, डोळा, नाक, सगळं नाहीसं होऊन राखाडी डाग उरतो. दोन दिवे लावले तर प्रत्येक पात्राच्या दोन सावल्या. सभागृहाचे तंत्रज्ञ चांगल्या हेतूने 'उजेड कमी वाटतोय' म्हणून नेमकी हीच मदत करतात.

म्हणून दिवा एकच हवा आणि लहान हवा. परंपरेत तो खोबरेल तेलाचा ब्लेंचोंग, दालांगच्या डोक्याच्या किंचित वर टांगलेला. ज्योत हलते तशी स्थिर बाहुलीची सावलीही श्वास घेते. परदेशी सभागृहांत उघड्या ज्योतीला परवानगी बहुधा मिळत नाही. मग पारदर्शक काचेचा, एकाच छोट्या तंतूचा दिवा वापरावा. दुधी काचेचा नको. हॅलोजन चालतो, पण तो तापतो, आणि त्याच्याजवळ फार वेळ राहिलेली बाहुली वाळून मुरडते. मुरडलेली बाहुली पडद्याला सपाट टेकत नाही. खेळ संपल्यावर बाहुल्या पेटीत एकावर एक सपाट, वर वजन ठेवून ठेवतात ते याचसाठी.

पडदा, म्हणजे केलिर, पांढऱ्या सुती कापडाचा, ढोलकीच्या पानासारखा ताणलेला. त्याच्या खालच्या कडेला केळीचे खांब आडवे ठेवतात. बाहुलीचा टोकदार दांडा त्यात रोवला की ती उभी राहते, दालांगचा हात मोकळा होतो. केळीच्या ओल्या गाभ्याची करामत अशी की दांडा काढला की भोक मिटतं, पुन्हा तिथेच रोवता येतं. थंड देशांत केळीचे खांब कुठून आणणार? तिथे थर्माकोल किंवा दाट फोम कापडात गुंडाळून वापरतात. त्यात भोक मिटत नाही. तासाभरात खड्डे मोठे होतात आणि ऐन दरबाराच्या प्रसंगात राजा हळूच पुढे कलतो. उपाय साधा आहे: दोन लांबी जादा ठेवायच्या आणि मध्यंतरात मधला तुकडा बदलायचा, कारण सगळ्यात जास्त रोवणं मध्यभागीच होतं.

सीमाशुल्काचं प्रकरण कंटाळवाणं असलं तरी त्यावरून प्रयोग रद्द होऊ शकतो. चामडं, शिंग, लाकूड हे तिन्ही प्रकार नोंदवावे लागतात. ऑस्ट्रेलियासारख्या देशात प्राणिज आणि वनस्पतिज वस्तूंची तपासणी फार कडक असते. काही जुन्या बाहुल्यांचे दांडे समुद्री कासवाच्या पाठीचे असतात, त्या घरी ठेवाव्यात हेच बरं, कारण समुद्री कासवांच्या वस्तूंच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीवर जवळपास पूर्ण बंदी आहे.

रात्र दोन तासांत कशी मावते

जावात खेळ रात्री नऊच्या सुमारास सुरू होतो आणि पहाटे संपतो. रात्रीचे तीन भाग. पहिला, पातेत नेम, मध्यरात्रीपर्यंत: दरबार, सल्लामसलत, कारस्थानाची सुरुवात. दुसरा, पातेत सांगा, तीनच्या सुमारापर्यंत: निसर्गात उलथापालथ, विदूषकांचा प्रवेश, तरुण नायकाची राक्षसाशी झुंज. तिसरा, पातेत मान्युरा, पहाटेपर्यंत: मोठी लढाई आणि निवाडा. पातेत म्हणजे स्वरांचा वेगळा कल, आपल्या रागाच्या वेळेसारखा. एकाच स्वरमालेत कोणत्या स्वरावर विसावायचं ते बदलतं आणि ऐकणाऱ्याला रात्र पुढे सरकल्याचं कळतं.

परदेशात दोन तास मिळतात, फार तर अडीच. छोटा प्रयोग हा काही परदेशासाठी केलेला घात नव्हे. सोलोच्या कला अकादमीत 1970 च्या दशकात 'पादात', म्हणजे घट्ट बांधलेला, प्रकार घडवला गेला आणि तो जावातल्या प्रेक्षकांसाठी होता. त्यात तिन्ही पातेत राहतात, फक्त पुनरुक्ती जाते. परदेशी आयोजक मात्र सुचवतात की लढाया आणि विनोद ठेवा, बाकी कापा. तसं केलं की सगळा खेळ एकाच स्वरात ओरडत राहतो. किमान एक जांतुरान तरी पूर्ण ठेवायला हवा: गामेलान अगदी मंद होतो आणि त्यावर दालांग राज्याचं वर्णन लयीत सांगतो. एक शब्द कळला नाही तरी सभागृह इथे स्थिरावतं. पाच-सहा मिनिटं लागतात, ती द्यावीत.

भाषेचा प्रश्न यापुढे येतो. पात्रं जावानीज बोलतात, त्यातही मोठ्यांशी आदराची आणि धाकट्यांशी साधी अशा वेगवेगळ्या पातळ्या. पांडवांतला भीम मात्र देवांशीही साध्या भाषेतच बोलतो, त्यावरूनच तो ओळखू येतो. अनुवादाच्या ओळी पडद्यावर दाखवायचा प्रयत्न सहसा फसतो. दालांग संवाद तिथल्या तिथे रचतो, ओळ पुढे-मागे होते आणि प्रेक्षक सावली सोडून अक्षरं वाचत बसतात. त्यापेक्षा प्रसंगाच्या सुरुवातीला दोन-तीन ओळींचा सारांश पुरतो. आणि विदूषक आहेतच. सेमार, गारेंग, पेत्रुक, बागोंग हे चौघे परंपरेनेच आजच्या गोष्टींवर बोलतात, म्हणून ते प्रेक्षकांच्या भाषेत बोलले तर काहीच खटकत नाही.

हे चौघे आपल्या महाभारतात नाहीत. भारतीय प्रेक्षकांसमोर खेळ असेल तर आणखी काही गोष्टी आधी सांगितलेल्या बऱ्या. जावात द्रौपदी एकट्या युधिष्ठिराची बायको आहे. श्रीकांदी, म्हणजे शिखंडी, ही स्त्री आहे, धनुर्धारी आहे आणि अर्जुनाची पत्नी आहे. घटोत्कच आकाशात उडणारा लाडका वीर आहे. सेमार दिसतो ढेरपोट्या नोकर, पण असतो देव. सिंधुदुर्गात पिंगुळीच्या ठाकर कलाकारांच्या चामड्याच्या बाहुल्यांतला रामायणाचा खेळ ज्यांनी पाहिला असेल, त्यांना पडदा, दिवा आणि एका माणसाचे अनेक आवाज हे सगळं घरचं वाटेल, कथेची वळणं मात्र परकी.

पात्र ओळखायची खूण सोपी आहे. मान खाली, डोळे बारीक चिरेसारखे, नाक टोकदार असेल तर सौम्य स्वभावाचा. डोळे वाटोळे, नजर समोर, अंग मोठं असेल तर तापट. अर्जुन लहानखुरा. सज्जन बाजू दालांगच्या उजव्या हाताला, विरोधी डावीकडे. इथे एक ठरलेली चूक होते. पत्रिकेत 'उजवीकडे पांडव' छापतात आणि सावलीच्या बाजूला बसलेल्या निम्म्या लोकांना ते डावीकडे दिसतात. 'दालांगच्या उजवीकडे' असं छापावं.

कोणती बाजू खरी, असं विचारतात. जावात लोक दोन्ही बाजूंनी बघतात. आज बरेच जण दालांगच्या बाजूला बसतात, कारण तिथून रंगीत बाहुल्या, वादक आणि गायिका दिसतात. लोक उठतात, खातात, फिरून परत येतात. परदेशी नाट्यगृहातल्या रांगांनी ही मुभा हिरावली जाते. शक्य असेल तिथे खुर्च्यांचं सभागृह टाळून सपाट दालन घ्यावं, पडदा भिंतीपासून चार-पाच मीटर पुढे उभा करावा आणि लोकांना खेळ चालू असताना फिरता येईल असं आधीच सांगावं. चपला मात्र वाद्यांजवळ काढायच्या, आणि वाद्य ओलांडून जायचं नाही.

आवाजाबद्दल ध्वनितंत्रज्ञाला दोन गोष्टी सांगाव्यात. गायिकेचा आवाज सगळ्यांच्या वर काढायची सवय इथे चालत नाही, ती रेबाबच्या बरोबरीने गुंफलेली असते. आणि मोठ्या गोंगचा मूळ स्वर इतका खालचा असतो की लहान स्पीकरमधून तो जातच नाही. त्यात सावकाश हेलकावे असतात, जावात त्यांना लाट म्हणतात. गोंगला सहसा ध्वनिवर्धक लावूच नये. माइक हवेत ते मंद वाद्यांना, गेंदेर आणि रेबाबला, आणि दालांगला.

आता सुरुवातीच्या ठोक्यांकडे. दालांगच्या डाव्या हाताशी बाहुल्यांची पेटी असते. चेंपाला नावाचा लाकडी ठोकळा तो तिच्यावर हाताने मारतो, आणि हात गुंतले की पायाच्या बोटांत धरून मारतो. पेटीच्या कडेला टांगलेल्या धातूच्या पातळ पट्ट्या पायानेच वाजवून तो लढाईतले फटके देतो. ठोक्यांच्या घडणीवरून वादकांना कळतं: सुरू करा, मंद व्हा, चढवा, थांबा. कोणती रचना वाजवायची हे तो बोलण्यात दडवलेल्या शब्दाने सुचवतो, त्याला सासमिता म्हणतात. वर्णनात एखादं फूल किंवा ढग आला की जाणता वादक ओळखतो. परदेशी मंडळातल्या वादकांना ही भाषा येत नसेल तर निदान केंदांगवाला आणि गेंदेरवाला दालांगबरोबरचे असावेत. बाकीचे त्यांच्यामागे जातात. दालांगने मागे वळून खुणा करायची वेळ आली की बाहुल्या थांबतात, आणि पडद्यामागे बसलेल्यांना ते लगेच दिसतं.

शेवटी गुनुंगान, पानाच्या आकाराची, झाड आणि डोंगर कोरलेली बाहुली, पडद्याच्या मधोमध रोवली जाते. संगीत मंदावतं आणि मोठा गोंग पडतो. तो नाद संपायला बराच वेळ लागतो. दिवे लावणाऱ्या माणसाला आधीच सांगून ठेवा: लाट ऐकू येईनाशी होईपर्यंत सभागृहाचं बटण दाबायचं नाही.